एकोणीस वर्षांचं छप्पर आणि मिल्टन वादळ: टॅम्पाजवळच्या एका घराचा विमा दावा

फ्लोरिडात टॅम्पाच्या उत्तरेला, पास्को काउंटीत, वेस्ली चॅपल नावाचं उपनगर आहे. तिथल्या एका मराठी कुटुंबाच्या घराचं हे प्रकरण. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून घराचे तपशील आणि रकमा थोड्या बदलून ढोबळ केल्या आहेत. कायदे, वादळं आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत. या घराची फाइल मी पहिल्या पत्रापासून शेवटच्या धनादेशापर्यंत वाचली. छपराचा आणि विम्याचा संबंध त्यात जितका स्वच्छ दिसतो तितका पॉलिसीच्या माहितीपत्रकात कुठेच दिसत नाही, म्हणून ती सविस्तर मांडतो आहे.

घर २००५ सालचं. चौपाखी छप्पर, त्यावर डांबरी शिंगल, म्हणजे फायबरग्लासच्या जाळीवर डांबर आणि वर खड्याची बारीक भुकटी बसवलेल्या पट्ट्या. छपराचं क्षेत्रफळ ३,००० चौरस फूट. तिकडचे छपरावाले १०० चौरस फुटांना एक ‘स्क्वेअर’ म्हणतात, म्हणजे हे ३० स्क्वेअरचं छप्पर. घराचा विमा ४,५०,००० डॉलरचा. पॉलिसी एचओ-३ प्रकारची, तिकडे स्वतःच्या घरात राहणारे बहुतेक लोक घेतात तीच. या प्रकारात वास्तूच्या बाबतीत नियम उलटा असतो: जे स्पष्ट शब्दांत वगळलेलं नाही ते सगळं संरक्षित. पण वगळलेल्या गोष्टींच्या यादीत झीज, जीर्ण होणं आणि देखभालीतली हयगय हमखास असते. विमा अपघाताचा असतो, म्हातारपणाचा नसतो. छप्पर हा घराचा असा भाग आहे की जिथे अपघात आणि म्हातारपण एकाच वेळी, एकाच जागी येऊन आदळतात. या प्रकरणातला सगळा वाद त्या सांध्यावरचा आहे.

एप्रिल २०२३: आकाशातून काढलेला फोटो

पॉलिसीचं नूतनीकरण १ सप्टेंबरला असायचं. एप्रिलच्या शेवटी कंपनीचं पत्र आलं की या वेळी नूतनीकरण होणार नाही. फ्लोरिडात असं पत्र किमान १२० दिवस आधी पाठवावं लागतं, आणि कंपनीने मुदत बरोबर पाळली होती. कारण दिलं होतं: हवाई छायाचित्रांत छपरावर काळे पट्टे आणि भुकटी झडल्याच्या खुणा दिसतात, छपराची स्थिती स्वीकारार्ह नाही.

घरच्यांना धक्का बसला तो दोन कारणांनी. एक तर छप्पर एकदाही गळलेलं नव्हतं (निदान त्यांना तसं वाटत होतं). आणि दुसरं, ‘पंधरा वर्षांचा कायदा’ आपल्या बाजूने आहे असं त्यांनी ओळखीच्यांकडून ऐकलं होतं.

तो कायदा असा. २०२२च्या मे महिन्यात फ्लोरिडाच्या विधिमंडळाने खास अधिवेशन बोलावून विम्यासंबंधी काही बदल केले. त्यांतला एक छपराच्या वयाचा. छप्पर १५ वर्षांपेक्षा कमी वयाचं असेल तर निव्वळ वयाच्या कारणावरून कंपनी पॉलिसी नाकारू शकत नाही. १५ किंवा त्याहून अधिक वयाचं असेल, तर नवीन छप्पर घाला असं सांगण्याआधी घरमालकाला अधिकृत तपासनिसाकडून पाहणी करून घेण्याची संधी द्यावी लागते. छप्पर अजून किमान ५ वर्षं टिकेल असा अहवाल त्याने दिला, तर निव्वळ वयावर नाही म्हणता येत नाही.

यातला ‘निव्वळ’ हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. कायद्याने हात बांधले आहेत ते वयाच्या बाबतीत; स्थितीच्या बाबतीत नाही. पत्रात वयाचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. ‘कायदा आहे ना!’ म्हणून स्वस्थ बसलेली अनेक घरं ऑगस्टच्या शेवटी विम्याविना राहतात. मग घरावर कर्ज असलं की बँक स्वतःच्या सोयीने महागडी पॉलिसी लादते, तिचे पैसे मात्र घरमालकाकडून वसूल करते.

या घरातल्या बाईंनी त्याच आठवड्यात तपासनीस बोलावला. तो शिडी लावून प्रत्यक्ष छपरावर चढला, हे महत्त्वाचं. विमानातून काळे दिसणारे पट्टे शेवाळवर्गीय जिवाणूंचे निघाले. दमट हवेत शिंगलमधल्या चुनखडीवर ते वाढतात. दिसायला भयंकर, पण शिंगल अजून धड असते. भुकटी पन्हळीच्या आसपास, जिथे दोन उतारांचं पाणी एकत्र येतं तिथेच, थोडी झडली होती. आठ-दहा ठिकाणी खिळ्यांची डोकी वर आली होती. खरा दोष एकच सापडला: न्हाणीघराच्या हवेचा पाइप छपरातून बाहेर येतो, त्याच्या भोवतीची रबरी कॉलर उन्हाने तडकली होती. छप्पर वीस वर्षं टिकलं तरी ही कॉलर त्याच्या निम्म्या काळात जाते. आत न्हाणीघराच्या छतावर बशीएवढा पिवळट डागही होता. तपासनिसाने त्याचा फोटो काढला. हा डाग पुढे पुन्हा येणार आहे.

बाईंची आई दापोली तालुक्यातली. दर रविवारच्या फोनवर तिचा प्रश्न ठरलेला: “अगं, पावसाआधी शाकारून घेतलंत का?” निसर्ग वादळाने ३ जून २०२० रोजी त्यांच्याकडची कौलं पत्त्यांसारखी उधळली होती, त्यामुळे तिच्या प्रश्नाला धार होती. कोकणात दर वैशाखात कौलं परतायची, फुटकं बदलायचं, रीप कुजली असेल तर नवी घालायची, हे कुणाला सांगावं लागत नाही. अमेरिकेतल्या उपनगरात मात्र छप्पर एकदा घातलं की वीस वर्षं त्याकडे कुणी मान वर करून बघत नाही. वास्तविक त्या रबरी कॉलरचं काम दोनशे डॉलरच्या आतलं होतं.

कॉलर बदलली, खिळे ठोकून गळती रोखणारा लेप लावला, पन्हळीतल्या काही शिंगल बदलल्या. पावत्या आणि ४३ फोटोंचा अहवाल कंपनीकडे गेला. ‘अजून किमान ५ वर्षं’ असा शेरा त्यावर होता. जूनमध्ये कंपनीने नकार मागे घेतला.

जुलै २०२३: दोन रकाने

आता ज्या टप्प्याकडे मला सगळ्यांत जास्त लक्ष वेधायचं आहे तो. वादळाच्या सव्वा वर्ष आधी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अर्ध्या तासात झालेला निर्णय.

एजंटने नूतनीकरणाचे दोन पर्याय पाठवले. पहिल्यात छपराची भरपाई नव्या छपराच्या किमतीने, वर्षाचा हप्ता ४,३०० डॉलर. दुसऱ्यात छपरासाठी वेगळी पुरवणी जोडलेली, हप्ता ३,६००. त्या पुरवणीत एक तक्ता होता: डावीकडे छपराचं वय, उजवीकडे नव्या छपराच्या किमतीचे किती टक्के मिळतील तो आकडा. हा तक्ता कंपनीगणिक वेगळा असतो. यांच्या तक्त्यात डांबरी शिंगलच्या १९ वर्षांसमोर ४० लिहिलं होतं.

नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. “तसंही तीन-चार वर्षांत छप्पर बदलायचंच आहे. मग जुन्या छपरासाठी वर्षाला सातशे डॉलर जास्त कशाला भरायचे?” बाईंनी विचारलं, “आणि त्याच्या आधी वादळ आलं तर?” “तर चाळीस टक्के मिळतीलच की.” दुसरा पर्याय घेतला.

त्याच्या युक्तिवादात मूर्खपणा काही नाही, आणि म्हणूनच तो धोकादायक आहे. छप्पर नवं असताना तक्ता जवळजवळ पूर्ण पैसे देतो. पण तेव्हा वाऱ्याने शिंगल उडण्याची शक्यताही कमी असते. शिंगलच्या खालच्या बाजूला डांबरी गोंदाची पट्टी असते, तिने ती खालच्या शिंगलला चिकटून बसते. वर्षागणिक ही पकड ढिली होते. म्हणजे छप्पर उडण्याची शक्यता ज्या वर्षांत सर्वांत जास्त, नेमकी त्याच वर्षांत भरपाई सर्वांत कमी. छप्पर लवकर बदलायचं असेल, तर त्याआधीची दोन-तीन वर्षं पूर्ण किमतीचं संरक्षण घेण्याची खरी गरज असते. आपल्या लोकांत हा हिशेब उलटा करण्याची सवय मी वारंवार पाहिली आहे: गाडी जुनी झाली की विमा कमी करायचा, तसंच घराचं. पण गाडी मोडीत काढता येते. घरावर छप्पर घालावंच लागतं, आणि ते आजच्या भावाने घालावं लागतं.

याच कागदांत आणखी दोन गोष्टी होत्या. हरिकेन डिडक्टिबल, म्हणजे चक्रीवादळाच्या नुकसानीत घरमालकाने स्वतः सोसायचा हिस्सा, २ टक्के. हे टक्के नुकसानीचे नव्हेत, घराच्या विमा रकमेचे. ४,५०,०००चे २ टक्के म्हणजे पहिले ९,००० डॉलर घरमालकाचे. दुसरी गोष्ट बांधकाम नियमांची पुरवणी, विमा रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत: दुरुस्ती करताना नव्या नियमांमुळे जे जास्तीचं काम करावं लागेल त्याचा खर्च. ही पुरवणी फ्लोरिडात कंपनीला देऊ करावीच लागते. नको असेल तर घरमालकाने लेखी नाही म्हणायचं असतं. यांनी नाही म्हटलं नव्हतं. त्यानेच पुढे वाचवलं.

९ ऑक्टोबर २०२४

२६ सप्टेंबरला हेलेन वादळ फ्लोरिडाच्या बिग बेंड किनाऱ्यावर धडकलं. टॅम्पाच्या उपसागरात समुद्राचं पाणी शिरलं, पण वेस्ली चॅपल समुद्रापासून आत, उंचावर. या घराच्या छपराच्या दोन-तीन शिंगल अंगणात सापडल्या. नवऱ्याने स्वतः चढून गोंदाने चिकटवल्या आणि विषय संपवला. कंपनीला कळवलं नाही, फोटो काढला नाही. फ्लोरिडात हरिकेन डिडक्टिबल कॅलेंडर वर्षाला एकदाच लागते: पहिल्या वादळातलं नुकसान त्या रकमेपेक्षा कमी असेल, तर ते पुढच्या वादळाच्या वेळी वजा धरता येतं. पण त्यासाठी नोंद आणि पावत्या हव्यात. शिवाय एक वेगळीच अडचण उभी राहिली, ती पुढे सांगतो.

तेरा दिवसांनी, ९ ऑक्टोबरच्या रात्री, मिल्टन ‘सिएस्टा की’ नावाच्या बेटावर तिसऱ्या श्रेणीचं वादळ म्हणून जमिनीवर आलं. सेंट पीटर्सबर्गमधल्या ट्रॉपिकाना फील्ड या स्टेडियमच्या छपराचं कापड त्या रात्री चिंध्या होऊन उडालं. ती छायाचित्रं जगभर गेली. वादळाचा डोळा वेस्ली चॅपलच्या दक्षिणेकडून पुढे सरकला. त्यामुळे इथे वारा आधी ईशान्येकडून आणि मग उत्तरेकडून लागला. घराचा उत्तरेकडचा उतार त्या वाऱ्याच्या तोंडावर होता. पहाटे पाहुण्यांच्या खोलीतलं छत पोटासारखं फुगलं आणि प्लास्टरबोर्डचा मोठा तुकडा ओल्या इन्सुलेशनसकट खाली आला.

१० तारखेला दुपारी क्लेम नोंदवला. निळी ताडपत्री टाकून घेतली, तिची पावती ठेवली. पुढचं नुकसान थांबवणं ही पॉलिसीतली घरमालकाची जबाबदारी असते. ताडपत्री टाकली नाही आणि दुसऱ्या पावसात खोली पुन्हा भिजली, तर ते नुकसान अंगावर येऊ शकतं.

पहिलं पत्र: शून्य डॉलर

ऑक्टोबरच्या शेवटी नुकसान मोजणारा कंपनीचा अ‍ॅडजस्टर आला. त्याच्यावर त्या महिन्यात शेकडो घरांचा भार असणार, हे मान्य. त्याने वळचणीला शिडी लावून वरच्या पायरीवरून आणि ड्रोनने फोटो घेतले. ज्या शिंगल पूर्ण उडाल्या होत्या त्या मोजल्या: ४ स्क्वेअर. न्हाणीघरातला डाग पाहिला, तो जुना आहे असं लिहिलं. नोव्हेंबरमध्ये पत्र आलं. त्यातला हिशेब असा:

छपराची दुरुस्ती २,४०० डॉलर, तक्त्याप्रमाणे ४० टक्के म्हणजे ९६०. पाहुण्यांची खोली ५,२००. न्हाणीघर नामंजूर. एकूण ६,१६०. डिडक्टिबल ९,००० त्याहून जास्त. देय रक्कम शून्य.

उत्तरेच्या उतारावरच्या उरलेल्या शिंगलबद्दल पत्रात म्हटलं होतं: पकड सुटलेली आढळते, परंतु ती वयोमानानुसार आणि पूर्वीच्या घटनांमुळे असू शकते. ‘पूर्वीच्या घटना’ म्हणजे हेलेन. चिकटवलेल्या त्या दोन-तीन शिंगलवर नवा गोंद अ‍ॅडजस्टरला दिसला होता, आणि त्याचा ना फोटो होता ना नोंद.

इथे कायद्याची एक बाजू समजून घ्यायला हवी. नुकसानीची दोन कारणं असतील, एक विम्यात बसणारं आणि एक वगळलेलं, तर काय? फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नेपल्स शहरातल्या एका घराच्या प्रकरणात यावर निकाल दिला. ते घर एप्रिल २००५ मध्ये विकत घेतलेलं, बांधकामात मोठे दोष, मे महिन्यापासूनच गळती सुरू, आणि ऑक्टोबरमध्ये वर विल्मा वादळ. विमा कंपनी, अमेरिकन होम अ‍ॅश्युरन्स, म्हणाली की सदोष बांधकाम वगळलेलं आहे. घर दुरुस्तीपलीकडे गेलं आणि शेवटी पाडावं लागलं. न्यायालयाने म्हटलं की स्वतंत्र कारणं एकत्र आली आणि मुख्य कारण कोणतं हे वेगळं काढता येत नसेल, तर त्यांतलं एक कारण संरक्षित असणं पुरेसं आहे, जोपर्यंत पॉलिसीने असा प्रसंग स्पष्टपणे वगळलेला नाही. निकाल घरमालकाच्या बाजूचा. पण त्यातली शेवटची अट कंपन्यांनीही वाचली. ‘अन्य कोणत्याही कारणासोबत, कोणत्याही क्रमाने’ अशा धर्तीची वाक्यं आज अनेक पॉलिसींत वगळलेल्या गोष्टींच्या वर छापलेली असतात. म्हणून ‘वारा आणि म्हातारपण दोन्ही होतं’ एवढ्यावर भागत नाही. कोणती शिंगल कशाने गेली हे दाखवता आलं तर उत्तम.

ते दाखवता येतं. कुटुंबाने बोलावलेला छपराचा ठेकेदार उत्तरेच्या उतारावर गुडघ्यांवर बसला आणि एकेक शिंगल बोटाने उचलून पाहू लागला. नुसती पकड सुटलेली शिंगल सपाट उचलली जाते. ती वयामुळेही सुटू शकते, आणि त्या बाबतीत कंपनीचं म्हणणं रास्त आहे. पण वाऱ्याने उलटून पुन्हा खाली पडलेली शिंगल वेगळी असते. खिळ्यांच्या ओळीच्या जरा खाली तिच्यावर आडवी घडी पडते, कागद दुमडून परत उघडल्यावर पडते तशी. त्या रेषेवरची भुकटी उडते, खालचं डांबर उघडं पडतं. घडी ताजी असेल तर डांबर काळंकुळीत आणि चकचकीत असतं. जुनी असेल तर राखाडी पडलेलं, त्यात धूळ आणि शेवाळ बसलेलं. जमिनीवरून यातलं काहीच दिसत नाही, कारण शिंगल आपल्या जागी परत बसलेली असते. ठेकेदाराने ताज्या घडीच्या प्रत्येक शिंगलवर खडूने खूण केली आणि खुणांसकट फोटो घेतले. उडालेल्या आणि घडी पडलेल्या मिळून ९ स्क्वेअर.

चारचे नऊ झाल्याने फरक पैशांचाच नव्हता. फ्लोरिडाच्या बांधकाम नियमांत २५ टक्क्यांची एक रेघ आहे. बारा महिन्यांत छपराच्या एका भागाचा २५ टक्क्यांहून अधिक हिस्सा दुरुस्त करावा लागला, तर तो सगळा भाग आजच्या नियमांप्रमाणे करावा लागतो. चौपाखी छपरात उतार चार असले तरी पाखांमधल्या कडा किंवा पन्हळी त्याचे वेगळे भाग पाडत नाहीत. सलग छप्पर म्हणजे एकच भाग. ३०चे २५ टक्के साडेसात. ४ स्क्वेअर रेघेच्या आत, ९ बाहेर. २०२२च्या मेमध्ये या नियमाला सूट दिली गेली, पण ती २००७च्या किंवा त्यानंतरच्या बांधकाम नियमांनुसार घातलेल्या छपरांना. हे छप्पर २००५चं. म्हणजे सगळं नवं घालणं भाग, आणि न मोडलेल्या २१ स्क्वेअरचा खर्च त्या न नाकारलेल्या पुरवणीखाली बसला.

काय कामी आलं, काय नाही

डिसेंबरमध्ये कुटुंबाने राज्याच्या वित्तीय सेवा विभागाकडे मध्यस्थीसाठी अर्ज केला. निवासी मालमत्तेच्या दाव्यांसाठी ही सोय आहे आणि तिचा खर्च विमा कंपनी सोसते. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अशा वेळी पहिला सल्ला ‘वकील करा’ असाच मिळतो. डिसेंबर २०२२च्या कायद्याने, घरमालक जिंकला तर त्याच्या वकिलाची फी कंपनीने द्यायची, ही तरतूद घरांच्या विम्यासाठी काढून टाकली. छपराचा ठेकेदार दारात येऊन ‘क्लेम माझ्या नावावर करा, मी बघतो’ म्हणायचा, तो मार्गही १ जानेवारी २०२३ नंतरच्या पॉलिसींना बंद झाला. त्या पद्धतीने खोट्या दाव्यांचा सुळसुळाट झाला होता हे खरं. पण सामान्य घरमालकाच्या हातातलं एक हत्यार त्याबरोबर गेलं हेही खरं.

अर्जासोबत तीन गोष्टी जोडल्या: खडूच्या खुणांचे फोटो, २५ टक्क्यांचा हिशेब, आणि २०२३चा तो ४३ फोटोंचा अहवाल. या अहवालाने प्रकरण फिरवलं. त्यात उत्तरेच्या उताराचे अकरा जवळून घेतलेले फोटो होते, कुठेही घडी नाही. सुमारे दीड वर्षापूर्वी धड असलेला उतार आज ताज्या घड्यांनी भरलेला, मग ‘पूर्वीच्या घटना’ कोणत्या? हेलेनचा मुद्दा उरला. त्या दोन-तीन शिंगल कुटुंबाने स्वतःहून मोजणीतून बाहेर काढल्या. दोन्ही वादळं एकाच पॉलिसीत आणि एकाच वर्षात होती, तरीही नोंदीविना त्या सिद्ध करण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता.

त्याच अहवालात न्हाणीघराच्या छतावरच्या डागाचाही फोटो होता. डाग वादळाआधीचा आहे हे त्याने कुटुंबाविरुद्धच सिद्ध केलं. न्हाणीघराचे ८०० डॉलर नामंजूरच राहिले, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. कॉलर बदलल्यावर छत रंगवून घेतलं असतं तर वाद निर्माणच झाला नसता, पण तो डाग वादळाचा म्हणून खपवण्याचा प्रयत्न कुणी केला नाही. बाकीच्या मागणीवर विश्वास बसायला त्याने मदतच झाली असावी.

जानेवारीत दुसरा अ‍ॅडजस्टर आला आणि या वेळी छपरावर चढला. फेब्रुवारीत, मध्यस्थीच्या बैठकीआधीच, तडजोड झाली. नवं छप्पर १८,००० डॉलर, तक्त्याप्रमाणे ४० टक्के म्हणजे ७,२००. पाहुण्यांची खोली, इन्सुलेशन आणि गालिच्यासकट, ७,५००. एकूण १४,७००, त्यातून डिडक्टिबल ९,००० वजा. हाती ५,७०० डॉलर आले.

आता २०२३च्या त्या दुसऱ्या रकान्याकडे बघा. पहिला पर्याय घेतला असता तर छपराचे पूर्ण १८,००० धरून, डिडक्टिबल वजा जाता १६,५०० मिळाले असते. फरक १०,८०० डॉलरचा. दोन वर्षांत वाचलेला हप्ता १,४००. दुसरा अ‍ॅडजस्टर कितीही प्रामाणिक असला, मध्यस्थ कितीही चांगला असला, तरी हे १०,८०० डॉलर परत मिळण्यासारखे नव्हते. ते वादळाने नाही, तक्त्याने नेले होते. छपराच्या स्थितीचा वाद फोटोंनी जिंकता आला. छपराच्या वयाचा वाद नव्हताच, कारण त्यावर सही झालेली होती.

नवं छप्पर

ठेकेदाराने एक स्वस्त मार्ग सुचवला होता: उत्तरेचा उतार पूर्ण करू, बाकी पुढच्या वर्षी. २५ टक्क्यांच्या नियमात ते बसत नव्हतंच, पण विम्याच्या दृष्टीनेही ते महागात पडलं असतं. कायद्याच्या लेखी छपराचं वय मोजलं जातं ते छपराचा शंभर टक्के पृष्ठभाग ज्या तारखेला त्या वेळच्या नियमांप्रमाणे घातला गेला तिथपासून. तुकड्यातुकड्याने बदलत शंभर टक्के केलं, तरी पहिल्या तुकड्याची तारीख धरतात. तीन पाखं जुनी ठेवली असती तर कागदावर छप्पर २००५चंच राहिलं असतं.

एप्रिल २०२५ मध्ये परवाना घेऊन पूर्ण छप्पर उतरवलं. फळ्यांना नव्याने खिळे मारले, सांध्यांवर चिकट पट्ट्या लावून पाणी अडवणारा दुसरा थर केला आणि मग शिंगल घातल्या. शिंगल उडाल्या तरी हा थर काही काळ पाणी आत येऊ देत नाही. २००५च्या घरात तो नव्हता, म्हणूनच पाहुण्यांच्या खोलीचं छत खाली आलं. मे महिन्यात काउंटीची शेवटची तपासणी होऊन परवाना बंद झाला. परवाना बंद करून घेणं अनेक जण विसरतात, आणि उघडा राहिलेला परवाना विमा कंपनीच्या दृष्टीने अपुरं काम असतं.

त्यानंतर बाईंनी ओआयआर-बी१-१८०२ या सरकारी फॉर्मवर वाऱ्यासंबंधीची पाहणी करून घेतली. त्यात छपराचा आकार, फळ्यांना मारलेले खिळे, छप्पर आणि भिंत जोडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, तो दुसरा थर आणि दारं-खिडक्यांचं संरक्षण अशा बाबी नोंदवतात, आणि प्रत्येकीवर हप्त्यात सवलत मिळते. चौपाखी आकाराची सवलत त्यांना आधीपासून मिळू शकत होती, पण फॉर्मच भरलेला नसल्याने ती कधी लागलीच नव्हती. फॉर्म पाच वर्षं चालतो.

सप्टेंबर २०२५च्या नूतनीकरणात तक्त्याची पुरवणी काढून टाकली. सवलती धरून हप्ता ३,५५० डॉलरवर आला, म्हणजे २०२३च्या ‘स्वस्त’ पर्यायापेक्षाही कमी. सही करण्याआधी बाईंनी एजंटला ईमेलवर एकच प्रश्न विचारला: छपराच्या वयाची सुरुवात कोणत्या तारखेपासून धरली आहे? पहिल्या मसुद्यात २००५ होतं. परवान्याची प्रत पाठवल्यावर ते २०२५ झालं.